हिंजवडीचीं घरें

१८९५ सालीं फर्ग्युसन कॉलेज पेठांतून निघून नदीपलीकडे टेकडीच्या पायथ्याशीं गेलें; १८९७ च्या प्लेगनें दाट वस्तीची धास्ती घातली; आणि मग एरंडवणें व डेक्कन जिमखान्याच्या बाजूस पुणेकरांचे बंगले उठूं लागले. घर तेथें विद्येच्या मागोमाग गेलें, आणि नळ, दिवे, रस्ते घेऊन नगरपालिकाही फार मागें राहिली नाहीं. शंभर वर्षांनीं पुण्याच्या पश्चिमेस हाच प्रयोग पुन्हां झाला. फरक एवढाच कीं, या वेळीं नगरपालिका आलीच नाहीं.

मुळशी तालुक्यांतील हिंजवडी पंचक्रोशीस ठाऊक होती ती म्हातोबाच्या बगाडामुळें. येथें साखर कारखाना व्हावयाचा होता. त्याच्या भूमिपूजनास आपण गेलों आणि कारखाना दुसरीकडे न्यावा, ही जागा संगणक-उद्योगास द्यावी, असें तेथेंच सुचविलें, ही हकीकत शरद पवार यांनीं सांगितली आहे. कारखाना कासारसाईस गेला. हिंजवडीस औद्योगिक विकास महामंडळानें राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविला. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस अशा कंपन्या आल्या. ज्या शेताचें संपादन झालें त्यास सरकारी मोबदला मिळाला. कुंपणापलीकडच्या शेतास बाजारभाव. एकाच शिवारांतील दोन भावांचें नशीब मोजणीच्या खुणेनें ठरावें, हा या इतिहासांतला कडू भाग होय.

प्रारंभीं नोकरवर्ग औंध, बाणेर, वाकड येथून जा-ये करी. पुढें सरकारनें विशेष नगरवसाहतींस परवानगी दिली. किमान शंभर एकर जागा हवी, आणि आंतील पाणी, रस्ते, शाळा यांची व्यवस्था बांधणाऱ्यानेंच करावयाची, अशी ती योजना. मुळेच्या कांठीं परांजपे स्कीम्सची 'ब्लू रिज' उभी राहिली ती याच वाटेनें. डेक्कनवर ऐश्वर्य म्हणजे अंगणांतला आंबा. हिंजवडींत ऐश्वर्य म्हणजे कचेरीस दहा मिनिटांत पोंचणें! किंमत ठरते ती मुख्यतः या दहा मिनिटांची. परंतु फाटकाबाहेरचा रस्ता ग्रामपंचायतीचा, महामंडळाचा कीं महानगर प्राधिकरणाचा, हा प्रश्न पावसाळा आला कीं गुडघाभर पाण्यांत उभा राहतो.

१ मे २०१७ रोजीं रेरा कायदा पूर्णपणें अमलांत आला व चटई क्षेत्रावरच भाव सांगण्याची सक्ती झाली. २०२० सालीं कचेऱ्या बंद पडल्या, तेव्हां त्या दहा मिनिटांचें मोलच नाहींसें झालें. भाडेकरू आपापल्या गांवीं परतले आणि हप्ते भरणाऱ्या मालकांचीं घरें रिकामीं राहिलीं. त्याच वर्षीं सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर सरकारनें मुद्रांक शुल्क शेंकडा तीननें उतरविलें, म्हणून खरेदीस कांहींसा आधार मिळाला.

माण ते शिवाजीनगर या सुमारें तेवीस किलोमीटरांच्या मेट्रोची कोनशिला डिसेंबर २०१८ मध्यें बसली, आणि स्थानकाचें अंतर जाहिरातींत तेव्हांपासूनच छापूं लागले. २०२५ सालीं संगणक-कर्मचाऱ्यांनीं गांव पिंपरी-चिंचवड महापालिकेंत घालावें अशी मागणी लावून धरली. गृहस्थ आतां दिवाणखान्याची लांबी नंतर विचारतो. उन्हाळ्यांत टँकर किती लागतात, हें आधीं विचारतो.