हौदातले देवमासे

देवमासा हा मासा नव्हे, ही गोष्ट आम्ही मास्तर मंडळी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना जन्म देतो, त्यांना दूध पाजतो, इतके सांगून झाले की आमचे काम संपते. मग मागच्या बाकावरचे एखादे पोर विचारते, “गुरुजी, तो पाळता येतो का?” वर्ग खो खो हसतो. वास्तविक त्या पोराने काही जगावेगळे विचारलेले नसते. हाच प्रश्न गेली दीडशेहून अधिक वर्षे पाश्चात्त्य देशांतल्या हिकमती माणसांनी स्वतःला विचारला, त्यापायी अमाप पैसा ओतला आणि त्याहून अमाप मिळविला. आज तो धंदा बऱ्याच देशांत आवरता घेतला जात आहे, आणि पाळण्याहून अवघड असा दुसराच प्रश्न दारात उभा आहे: पाळलेला देवमासा परत करावयाचा कोठे?

पहिला मान न्यूयॉर्कच्या बार्नमसाहेबाचा. सर्कशीमुळे पुढे जगभर गाजलेल्या या गृहस्थाचा त्या शहरात एक अजबखाना होता. १८६१ साली त्याने कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीतून बेलुगा जातीचे दोन पांढरे देवमासे आणवून तळघरातल्या टाकीत सोडले. ते काही दिवसांतच मेले. बार्नमने आणखी आणविले. १८६५ च्या जुलैत अजबखान्याला आग लागली, तेव्हा टाकीतले दोन देवमासे त्या आगीत दगावले. समुद्रातल्या जिवाला आगीत मरण यावे, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकांनी खोडून टाकले असते.

पुढे १९३८ साली फ्लॉरिडात चित्रपटांच्या चित्रणासाठी एक मोठा हौद बांधला गेला, आणि त्यातले डॉल्फिन शिकविले तर उड्या मारून दाखवितात, हे मालकांच्या ध्यानी आले. तिकिटाची खिडकी उघडली ती तेव्हापासून. पण खरी कथा सुरू होते ती ऑर्कापासून.

ऑर्का हा डॉल्फिनच्याच कुळातला, पण त्या कुळात सर्वांत थोर. काळाभोर देह, पांढरे पोट, पाठीवर उभा पर. इंग्रजीत त्याला ‘मारेकरी देवमासा’ म्हणतात, आणि कोळी त्याला तसेच वागवीत. दिसला की बंदूक झाडीत. कॅनडाच्या मत्स्यखात्याने तर १९६१ साली एका सामुद्रधुनीच्या काठी मशीनगनच बसविली होती. सुदैवाने ती चालविण्याची वेळ आली नाही. १९६४ साली व्हँकूव्हरच्या मत्स्यालयाला दालनात टांगण्यासाठी ऑर्काची हुबेहूब प्रतिकृती हवी होती, म्हणून एका शिल्पकाराला ‘नमुना मारून आण’ असे सांगून पाठविण्यात आले. भाला लागला, पण प्राणी मरेना. शेवटी त्याच भाल्याच्या दोरीने त्याला ओढीत शहरापर्यंत आणले. मादी समजून त्याचे नाव ‘मोबी डॉल’ ठेवले. सुमारे पंचावन्न दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही; नंतर माणसाच्या हातून मासे घेऊ लागला. ऑक्टोबरात तो मेला, आणि मेल्यावर कळले की तो नर होता. ज्याला माणसे राक्षस समजत होती त्याच्याविषयी त्यांचे अज्ञान एवढे होते!

पण त्या तीन महिन्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. जखमी होऊनही त्याने कुणाला इजा केली नाही, हे लोकांनी पाहिले. दुसऱ्याच वर्षी सिॲटलच्या टेड ग्रिफिनने कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला एक नर ८,००० डॉलरला विकत घेतला, तरंगत्या पिंजऱ्यातून सुमारे चारशे मैल आणला आणि त्याच्या पाठीवर बसून पाण्यात विहरू लागला. त्याचे नाव नामू. भीती ओसरली, तिच्या जागी कौतुक आले. आणि कौतुक आले तेच पैशाची थैली घेऊन. ग्रिफिनच्या माणसांनी लवकरच एक लहान मादी धरली. तिची आई त्या झटापटीत मारली गेली. ही मादी सॅन दिएगोच्या ‘सी-वर्ल्ड’ला गेली, तीच शामू. ती १९७१ साली मेली, पण शामू मेली नाही. पेशवाईची वस्त्रे एकामागून एकाने ल्यावीत तसे ते नाव पुढच्या ऑर्कांना मिळत गेले. प्रेक्षकांतल्या मुलांना वाटे, आपल्या बाबांनी पाहिलेली शामू ती हीच.

आता १९७० चा ऑगस्ट. सिॲटलच्या उत्तरेस पेन कोव्ह नावाची खाडी आहे. होड्या, विमान आणि पाण्यात फोडलेले सुरुंग यांच्या धाकाने ऑर्कांचा मोठा मेळा त्या खाडीत हाकीत आणला गेला. पिले एका जाळ्यात, आया बाहेर. आया जाळ्याजवळून हलत ना, आणि त्यांचा आक्रोश काठावरच्या लोकांना ऐकू येत होता. या धरपकडीत पाच ऑर्का बुडून मेले, त्यांत चार पिले. ही बातमी फुटू नये म्हणून प्रेते फाडून, आत दगड भरून, साखळ्यांनी जड करून तळाशी सोडण्यात आली. पण समुद्र असली गुपिते पोटात ठेवीत नाही. नोव्हेंबरात काही प्रेते किनाऱ्याला लागली, आणि अमेरिकन माणसाला आपल्या करमणुकीचा जमाखर्च प्रथमच दिसला.

तेथून विकल्या गेलेल्या पिलांत चारेक वर्षांची एक मादी होती. तिचे नाव टोकिटे. मायामीच्या जलोद्यानात ‘लोलिता’ या रंगभूमीवरच्या नावाने ती अर्धशतक वावरली. तिच्या हौदाची लांबी सुमारे ८० फूट, खोली फार तर २०. आणि तिची स्वतःची लांबी वाढत वाढत २० फुटांवर गेली! सोबतीला तिच्याच समुद्रातला ह्यूगो नावाचा नर होता. तो हौदाच्या भिंतीवर डोके आपटून घेई. १९८० साली तो मेला. त्यानंतर तिने आपल्या जातीचा दुसरा जीव पाहिला नाही.

इकडे तिच्या समुद्रात मोजदाद सुरू झाली. लोकांची समजूत होती की ऑर्का हजारो असतील. कॅनडाच्या मायकेल बिग या शास्त्रज्ञाने पाठीवरच्या पराच्या खाचा आणि मागचा करडा डाग यांवरून एकेक ऑर्का ओळखावयास सुरुवात केली, तेव्हा हिशेब शेकड्यांवर येऊन थांबला. टोकिटेच्या कुळात तर सत्तरीच्या आसपासच उरले होते. पकडणाऱ्यांनी मुख्यतः लहान पिलेच उचलली होती, म्हणजे बियाणेच नेले होते. ते कुळ आजही सावरलेले नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांसाठी कायदा केला. १९७६ मध्ये ऑलिंपिया शहराजवळ पुन्हा ऑर्का पकडले गेले, तेव्हा खटला होऊन त्या राज्यातली पकड कायमची थांबली. धंदेवाले मग आइसलँडकडे वळले.

तेथूनच १९८३ साली धरलेला टिलिकम पुढे तीन माणसांच्या मृत्यूशी जोडला गेला. २०१० मध्ये फ्लॉरिडात त्याने आपल्या प्रशिक्षिकेला मारले, २०१३ मध्ये ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट निघाला, प्रेक्षक ओसरले, आणि २०१६ मध्ये सी-वर्ल्डने ऑर्कांची पैदास बंद केली. या गोष्टीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मी त्यात रमत नाही.

मला गोष्ट सांगावयाची आहे ती केइकोची. हाही आइसलँडचाच. मेक्सिकोतल्या एका हौदात तो असताना १९९३ साली ‘फ्री विली’ या चित्रपटात त्याने काम केले. पडद्यावर तो बंधाऱ्यावरून झेप घेऊन मुक्त होतो. प्रत्यक्षात चित्रण संपले तरी तो त्याच हौदात. मुलांनी हे ऐकले आणि पत्रांचा व पैशांचा पाऊस पडला. त्याला १९९६ मध्ये ओरेगनला, १९९८ मध्ये आइसलँडच्या क्लेट्सविक खाडीत नेले. जिवंत मासा धरावयास शिकविले. २००२ च्या उन्हाळ्यात तो खुल्या समुद्रात निघाला, अटलांटिक कापून गेला, आणि नॉर्वेच्या किनाऱ्याला पोहोचताच पहिली गोष्ट काय केली? माणसे शोधली. मुले त्याच्या पाठीवर चढू लागली. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तो न्यूमोनियाने मेला. कुणी म्हणतात प्रयोग फसला, कुणी म्हणतात पाच वर्षे तरी त्याने समुद्र पाहिला. मला दुसऱ्यांचे म्हणणे पटते. मात्र ज्याच्या कुळाने त्याला पुन्हा आपल्यात घेतले नाही, त्याचा समुद्र किती मोठा, हे कसे मोजावे?

टोकिटेलाही घरी नेण्याचे २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर झाले. तिच्या समुद्राकाठचे लम्मी लोक तिला आपल्या नात्यातली मानीत. त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती त्याच हौदात मेली. घरी गेली ती तिची रक्षा.

आपण या पापात फारसे पडलो नाही, तेही जरा योगायोगानेच. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले. पुढे निरनिराळ्या राज्यांत पुन्हा बेत शिजू लागले. आपल्या मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला ‘सी-वर्ल्ड’ उभारण्याचा सरकारी संकल्पही होता, आणि गावकऱ्यांनी जमिनी देण्यास विरोध केला होता. २०१३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने देशात डॉल्फिनांचे हौद काढण्यास मनाई केली. मालवणाहून होडीत बसले, आणि दर्या शांत असला, तर तेच डॉल्फिन फुकट दिसतात, ही गोष्ट निराळी!

कॅनडाने २०१९ मध्ये कायद्याने बंदी घातली. पण नायगाराजवळच्या बंद पडलेल्या उद्यानात ३० बेलुगा उरले. ते चीनला पाठविण्याची परवानगी २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारने नाकारली, तेव्हा मालकांनी त्यांना मारून टाकावे लागेल असे बजावले. आइसलँडच्या त्याच क्लेट्सविक खाडीत शांघायहून दोन बेलुगा नेऊन आश्रयस्थान काढण्यात आले; नोव्हा स्कोशियात दुसऱ्या एका खाडीची निवड झाली. खाडी जाळ्याने बांधावयाची, डॉक्टर आणि मासे पुरवावयाचे, तिकीट मात्र काढावयाचे नाही. म्हणजे उत्पन्न शून्य आणि खर्च कित्येक वर्षांचा. हौद बांधताना धनको रांगेने उभे होते. आता शोधावे लागतात.

फ्रान्समधल्या आंतीबचे उद्यान २०२५ च्या जानेवारीत बंद झाले. आत राहिली विकी आणि तिचा मुलगा केइजो. स्पेनमधल्या एका उद्यानात त्यांना न्यावे म्हटले, तर तेथील सरकारी तज्ज्ञांनी जागा अपुरी म्हणून नकार दिला. विकीचा जन्म त्याच हौदातला, २००१ चा. समुद्र तिने पाहिलेला नाही. शास्त्रज्ञांनी तिला माणसाचे शब्द ऐकवून नक्कल करावयास लावली होती, आणि २०१८ साली तो प्रयोग छापून आला. डोक्यावरच्या श्वासरंध्रातून तिने म्हणून दाखविलेल्या शब्दांत एक होता, ‘हॅलो’.