फोर्थ भाषेचें माहेर

संगणकाच्या कित्येक भाषा विद्वानांच्या मंडळांनीं बैठका भरवून ठरविल्या. अल्गोल ही त्यांतलीच. फोर्थ मात्र एका माणसाच्या नित्याच्या अडचणींतून हळूहळू वाढली. आज एखादा हौशी अभ्यासक पायथनसारख्या उच्च पातळीच्या भाषेंत फोर्थचा दुभाष्या, म्हणजे शब्द वाचून तत्क्षणीं त्याप्रमाणें कृति करणारा प्रोग्राम, रचूं लागला, कीं त्यावर एक आक्षेप घेतां येतो. फोर्थ ही यंत्राशीं थेट बोलणारी भाषा. तिला परक्या भाषेच्या ओसरीवर बसविलें, तर तिचें सत्त्व काय राहिलें? या प्रश्नाचें उत्तर तिच्या पूर्वचरित्रांतच शोधिलें पाहिजे.

चार्ल्स मूर हे १९५८ च्या सुमारास अमेरिकेंतील स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेंत कृत्रिम उपग्रहांच्या मार्गांचें गणित करणारे प्रोग्राम लिहीत होते. त्या काळीं प्रोग्राम छिद्रांकित पत्त्यांवर असे, आणि त्यांत लहानसा बदल केला तरी त्याचें यंत्रभाषेंत पुन्हा भाषांतर करून घ्यावें लागे. हा वेळ वांचावा म्हणून मूर यांनीं पत्त्यांवरचे शब्द वाचून गणिताला वळण देणारा एक छोटा दुभाष्या प्रोग्राममध्येंच बसविला. पुढें स्टॅनफर्ड येथील रेषीय त्वरणयंत्राच्या कामीं त्यांनीं हजारों पत्त्यांचा एक प्रोग्राम अल्गोलमध्यें लिहिला. त्यांतील दुभाष्याला संख्यांची चळत मिळाली, अंकगणित मिळालें, आणि नव्या कृति रचण्याची सोयहि मिळाली. फोर्थचीं मुख्य लक्षणें अशीं अल्गोलच्या घरीं प्रकट झालीं. तेंच तिचें माहेर होय.

बारसें मात्र १९६८ च्या सुमारास झालें. त्या वेळीं न्यूयॉर्क राज्यांतील ॲमस्टरडॅम गांवीं, गालिचे बनविणाऱ्या मोहॅस्को कंपनींत, मूर आयबीएम ११३० या यंत्रावर काम करीत. आपली भाषा चौथ्या पिढीची आहे, या भावनेनें त्यांना तिला ‘चौथी’ या अर्थाचें इंग्रजी नांव द्यावयाचें होतें. परंतु त्या यंत्रावर नांवाला पांचच अक्षरें चालत, म्हणून त्या शब्दांतील एक अक्षर गळालें. पुढें राष्ट्रीय रेडिओ-खगोल वेधशाळेंत असतांना त्यांनीं किट पीकवरील ३६ फुटी रेडिओ-दुर्बिणीच्या कामीं ही भाषा जुंपली, आणि १९७३ सालीं एलिझाबेथ रॅदर आदि सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनी काढली.

या भाषेची वाक्यरचना मराठी माणसाला परकी वाटूं नये. आपण कर्म आधीं सांगतों व क्रियापद शेवटीं; फोर्थहि ‘२ ३ +’ असें लिहिते. दुभाष्या एकेक शब्द उचलतो. तो कोशांत सांपडला तर त्याची कृति करतो; न सांपडला व ती संख्या असली तर चळतीवर ठेवतो; दोन्ही नसेल तर चूक कळवितो. ‘: वर्ग डप * ;’ असें लिहिलें कीं ‘वर्ग’ हा नवा शब्द कोशांत दाखल होतो. त्यांतील ‘डप’ वरच्या संख्येची प्रत काढतो, व त्यानंतरचें चिन्ह गुणाकार करतें.

उच्च पातळीच्या भाषेंत एवढें रचणें अवघड नाहीं. नांव व कृति यांचें एक कोष्टक हा कोश, एक यादी ही चळत, आणि शब्दामागून शब्द वाचणारें एक आवर्तन, एवढ्यानें भागतें. अडचण पुढें येते. एक शब्द दुसऱ्याला बोलावतो, तेव्हां परत कोठें यावयाचें ही नोंद यजमान भाषा आपल्या कुलुपबंद पेटींत ठेवते; फोर्थमध्यें ती ‘परतीच्या चळती’वर असते व वापरणाऱ्याला तिला हात लावतां येतो. तसेंच फोर्थ स्मृतीच्या क्रमांकित घरांत थेट लिहिते-वाचते. पायथन तीं घरें सहसा दृष्टीस पडूंच देत नाहीं. ‘इफ’ हा शब्द तर व्याख्या रचली जात असतांनाच कामाला लागतो. तो उडीसाठीं एक जागा रिकामी सोडतो, तिचा क्रमांक चळतीवर ठेवतो, आणि मागून येणारा ‘देन’ ती जागा भरतो.

यावर खात्रीचा उपाय असा, कीं एक लांब यादी हीच स्मृति मानावी. व्याख्या तिच्यांत क्रमांकांच्या ओळी म्हणून लिहाव्या. चालू क्रमांक सांगणारा दर्शक व परतीची चळत हीं दोन्ही स्वतः सांभाळावीं. म्हणजे यजमान भाषेच्या पोटांत एक कल्पित यंत्रच उभें राहतें. १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जीफोर्थचा गाभा सी भाषेंत असून बाकीचा पुष्कळ भाग फोर्थमध्येंच लिहिलेला आहे. अशा रचनेंत वेग थोडा गमवावा लागतो. उलट निरनिराळ्या यंत्रांवर तीच भाषा नेतां येते.

तेव्हां आक्षेप अर्धाच खरा ठरतो. परक्या घरीं राहिल्यानें फोर्थचें कांहीं बिघडत नाहीं. ती तेथेंच लहानाची मोठी झाली. परंतु कोश, चळती व स्मृति हीं वापरणाऱ्याच्या हातीं मोकळीं असणें, हें तिचें सत्त्व होय. यजमान भाषेच्या सोयीसाठीं तीं झांकून टाकलीं, तर उरतें तें उलट्या क्रमानें बेरजा करणारें एक गणकयंत्र. दुभाष्या रचणाऱ्यानें परीक्षा घ्यावयाची ती याच ठिकाणीं.