दीर्घिकांचे आकार वेगवेगळे का असतात?

अब्जावधी तारे, वायू, धूळ आणि न दिसणारं कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेलं असतं, त्या समूहाला दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा ही त्यांपैकीच एक. १९२६ मध्ये एडविन हबल यांनी आकारावरून दीर्घिकांची वर्गवारी केली. त्यातले मुख्य प्रकार तीन.

सर्पिल: कृष्णद्रव्याच्या गोळ्यात ओढला गेलेला वायू थंड होत आकसतो. आकसताना त्याचा फिरण्याचा वेग वाढतो आणि त्याची चपटी तबकडी बनते. या तबकडीत दिसणारे बाहू म्हणजे ताऱ्यांची कायमची रांग नव्हे. घाटातल्या ट्रॅफिक जॅमसारखं ते असतं: गाड्या बदलत राहतात, कोंडी मात्र तिथेच दिसते. या गर्दीत वायू दाबला जाऊन नवे, निळसर तारे जन्मतात. आकाशगंगा याच प्रकारातली. तिचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे आहे.

लंबवर्तुळाकार: दोन मोठ्या दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की तबकडी मोडते आणि तारे वाटेल त्या दिशेने फिरू लागतात. वायू फारसा उरत नाही, त्यामुळे नवे तारे क्वचितच बनतात. म्हणून या दीर्घिका लालसर, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दिसतात. २०१९ मध्ये ज्या कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र आलं, ते अशाच एका दीर्घिकेच्या, एम८७ च्या, केंद्रात आहे.

अनियमित: या बहुतेक लहान असतात. शेजारच्या मोठ्या दीर्घिकेच्या ओढीनेही त्यांचा आकार विस्कटतो. दक्षिण गोलार्धातून नुसत्या डोळ्यांनी दिसणारे मॅजेलनचे मेघ हे त्याचं उदाहरण.

थोडक्यात, आकार म्हणजे दीर्घिकेवर काय काय गुजरलं याची नोंद. पण ही नोंद अजून पूर्ण वाचता आलेली नाही. सुबक सर्पिल घडायला खूप काळ लागतो असं मानलं जायचं. २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत 'अलकनंदा' ही ठळक दोन बाहूंची दीर्घिका शोधली. ती आपल्याला दिसते तशी होती तेव्हा विश्वाचं वय जेमतेम १५० कोटी वर्षे होतं!

आणि आपली आकाशगंगा? ती शेजारच्या देवयानी दीर्घिकेवर आदळणारच, असं बरीच वर्षे सांगितलं जात होतं. २०२५ च्या एका अभ्यासानुसार, पुढच्या १,००० कोटी वर्षांत दोघी एक होण्याची शक्यता साधारण निम्मीच आहे. म्हणजे आपले सर्पिल बाहू टिकतील की नाही, याचा निकाल अजून लागायचा आहे.