गुणवत्ता, परीक्षा आणि पूर्वकृतवाद

घराण्यातून प्रथमच महाविद्यालयात पोहोचलेला विद्यार्थी परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, तर तो बहुधा व्यवस्थेला दोष देत नाही. ‘माझीच कुवत कमी’ असे म्हणतो. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच होती, तेव्हा निकालही न्याय्यच असला पाहिजे, अशी त्याची श्रद्धा असते. या श्रद्धेचा इतिहास तपासण्याजोगा आहे. ज्या सुशिक्षित वर्गाने तिचा या देशात पुरस्कार केला, त्या वर्गाने स्वतःवर प्रसंग आला तेव्हा ती मानली नव्हती.

१८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांचा नेमणुकांचा अधिकार गेला आणि १८५५ साली मुलकी सेवेची पहिली खुली स्पर्धा-परीक्षा लंडन येथे झाली. नियमात वर्णाची वा धर्माची अट नव्हती. परंतु मेकॉलेच्या समितीने आखलेल्या योजनेत ग्रीक व लॅटिन या भाषांना प्रत्येकी ७५० गुण होते, संस्कृत व अरबीला मात्र प्रत्येकी ३७५. परीक्षा केवळ लंडनलाच. म्हणजे समुद्रप्रवासाचा खर्च आणि जातिबहिष्काराचे भय हेही जणू अलिखित विषयच होते. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली उत्तीर्ण झाले, ते पहिले भारतीय. पुढे १८७६ साली कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचे ठरले, तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी देशभर दौरा करून विरोध संघटित केला. १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनात, ही परीक्षा इंग्लंडबरोबरच हिंदुस्थानातही घ्यावी, अशी मागणी झाली. ती प्रत्यक्षात यायला १९२२ साल उजाडले. प्रश्नपत्रिका समान असली म्हणून स्पर्धा समान होत नाही, हा या मंडळींचा युक्तिवाद अगदी बिनतोड होता.

तोच युक्तिवाद १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे खालच्या बाजूने मांडला. सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. लंडनचे अंतर ज्यांना दिसत होते, त्यांतील फार थोड्यांना गावच्या शाळेच्या उंबरठ्याचे अंतर दिसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. गुणपत्रिकेत अशा गोष्टींची नोंद नसते.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे अंगुत्तरनिकायातील तिकनिपात आठवतो. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृत्यांमुळेच, या मताचे तेथे खंडन आहे. तसे मानणाऱ्याच्या ठायी छन्द आणि वायाम, म्हणजे इच्छा आणि प्रयत्न, उरत नाहीत, असा आक्षेप आहे. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात तर वेदनेची आठ कारणे सांगितली असून कर्मविपाक हे त्यांपैकी केवळ एक आहे. पित्त, ऋतुपालट, दुसऱ्याने केलेला आघात हीही कारणेच होत. आजचा गुणवत्तावाद हा एका अर्थी इहलोकातला पूर्वकृतवादच म्हटला पाहिजे: तुझ्या वाट्याला आले ते तुझ्याच करणीचे.

तथापि एक भेद आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पूर्वकृतवाद प्रयत्न खुंटवतो. गुणवत्तेवरील श्रद्धा प्रारंभी प्रयत्न वाढवते. म्हणूनच ती वंचितांना इतकी प्रिय असते आणि तिला सरसकट भ्रम म्हणणे हा कोरडेपणा होईल. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, बहुतांशी अल्प उत्पन्नाच्या व अल्पसंख्य कुटुंबांतील २५७ विद्यार्थ्यांचा सहावी ते आठवीपर्यंत अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. समाजव्यवस्था न्याय्य आहे असे मानणाऱ्या मुलांचा आत्मसन्मान सहावीत अधिक होता, वर्तनही चांगले होते. पुढील दोन वर्षांत मात्र त्याच मुलांचा आत्मसन्मान घसरत गेला. वाढत्या वयात भेदभाव उमगू लागतो, पण त्याचा अर्थ लावायला स्वतःच्या दोषाखेरीज दुसरी भाषा हाताशी नसते, असे याचे स्पष्टीकरण देता येईल.

आपल्याकडे ती भाषा फुले-आंबेडकरांच्या लेखनात केव्हाच उपलब्ध झाली होती; न्यायालयीन भाषेत ती यायला वेळ लागला. जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशांतील आरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खुल्या परीक्षेतील गुण हीच गुणवत्तेची संपूर्ण व्याख्या नव्हे; काही वर्गांना मिळालेला सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक लाभ त्या गुणांत दिसत नाही. फुल्यांच्या निवेदनाला तोवर एकशे एकोणचाळीस वर्षे उलटून गेली होती.