अपुऱ्या दिवसांच्या बालकांतील कावीळ आणि त्यांचा उत्तरकालीन विकास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : मालवण किनारपट्टी)

प्रस्तावना :
मालवण किनारपट्टीत मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री पाचवी-सटी पुजण्याची प्रथा आहे. त्या रात्री सटवाई बाळाचे भविष्य कपाळी लिहिते, अशी लोकसमजूत आहे. वैद्यकीय दृष्ट्याही हा काळ महत्त्वाचा आहे, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कावीळ बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक वाढते. या काविळीच्या ज्ञानाचा इतिहास पाहून सिंधुदुर्गातील आजच्या गरजेचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

काविळीचे स्वरूप :
सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या सुमारे 80 टक्के बालकांत पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. तांबड्या रक्तपेशी फुटून बिलिरुबिन तयार होते. अपक्व यकृताला त्याचा निचरा पुरेशा वेगाने करता येत नाही. बहुतेक बालकांत ती आपोआप ओसरते. त्यामुळेच काविळीची माळ असो वा घरगुती औषध, प्रत्येक उपाय गुणकारी भासतो. मात्र मोजक्या बालकांत बिलिरुबिन मेंदूत शिरते. त्यातून सेरेब्रल पाल्सी, बहिरेपणा व डोळ्यांच्या हालचालीतील दोष उद्भवतात. मेंदूच्या गाभ्यातील या पिवळेपणाला जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी 1904 मध्ये ‘कर्निक्टेरस’ हे नाव दिले.

ज्ञानाचे दोन टप्पे :
इ. स. 1956 हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी निर्णायक ठरले. अमेरिकेतील विल्यम सिल्व्हरमन व सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांना संसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांची तुलना प्रसिद्ध केली. पेनिसिलिनसोबत सल्फा औषध मिळालेल्या गटात मृत्यू आणि कर्निक्टेरस अधिक आढळले. सल्फा औषध बिलिरुबिनला रक्तातील अल्ब्युमिनपासून सोडवते व मोकळे झालेले बिलिरुबिन मेंदूकडे जाते, हे पुढे स्पष्ट झाले. रक्तातील आकडा अल्प असला तरी अशा बालकांना धोका संभवतो, हा त्यातून मिळालेला धडा होय.

त्याच वर्षी इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात परिचारिका जीन वॉर्ड नाजूक बाळांना अंगणातील उन्हात नेत असत. एका बाळाची उघडी त्वचा फिकट झाली. चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण मात्र पिवळाच राहिला. खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्तनमुन्यातही बिलिरुबिन घटलेले आढळले. या निरीक्षणांतून क्रेमर, पेरीमन व रिचर्ड्स यांचा प्रकाशोपचारावरील लेख 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निळा प्रकाश बिलिरुबिनचे रूप बदलतो व ते यकृताच्या प्रक्रियेवाचून बाहेर टाकता येते.

अंगणातले कोवळे ऊन कोकणालाही परके नाही. परंतु उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि अशक्त बाळाला ऊन किंवा गारठा बाधू शकतो. म्हणून उन्हाला प्रकाशोपचाराचा पर्याय मानता येत नाही. याउलट बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत आणि अंगाला लावलेल्या हळदीखाली पिवळेपणा लक्षातच येत नाही.

जगण्यापलीकडचा प्रश्न :
अमेरिकेत 1,000 ग्रॅमपर्यंत वजनाच्या 1,974 बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. लवकर व अधिक प्रकाशोपचार मिळालेल्या गटात वाचलेल्या बालकांतील विकासदोष 30 वरून 26 टक्क्यांवर आले. मात्र 501 ते 750 ग्रॅम गटात मृत्यूचे प्रमाण 34 ऐवजी 39 टक्के दिसले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नसला, तरी प्रकाशही विवेकाने वापरला पाहिजे, हे त्याने सुचविले.

महाराष्ट्रात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 या काळातील 2,000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी त्यांची सरासरी बुद्धी सर्वसामान्य मर्यादेत, पण तुलनागटापेक्षा कमी आढळली. वाचन व गणितातील अडचणीही दिसून आल्या. हा अभ्यास कमी वजनाचा असल्याने त्याचे सर्व निष्कर्ष काविळीला लावणे अयोग्य ठरेल. तथापि काही उणिवा शाळेत गेल्यावरच प्रकट होतात, हे त्याने दाखवून दिले.

सिंधुदुर्गाचा संदर्भ :
चौतीस ते छत्तीस आठवड्यांचे बाळ दिसायला पूर्ण दिवसांचे वाटते व लवकर घरी जाते. खरी कावीळ त्यानंतर चढते. इ. स. 2011 च्या गृहभेट योजनेनुसार आशा सेविका तिसऱ्या व सातव्या दिवशी येते. पाचवीची रात्र नेमकी यांच्यामध्ये पडते. खाडीपलीकडच्या वाडीतून ओरोसपर्यंत, आणि गरज पडल्यास बांबोळीपर्यंत, बाळाला नेण्यात दिवस मोडतो. हा विलंब मेंदूला महाग पडू शकतो. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याचा लाभ अशा बाळांच्या श्रवणचाचणीस व विकासतपासणीस मिळणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
या इतिहासातील दोन्ही वळणे बारकाईने पाहणाऱ्यांमुळे घडली. किनारपट्टीतही घरी गेलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पाचव्या दिवशी उजेडात पाहणे, शंका आल्यास रक्ततपासणी करणे आणि शाळेच्या वयापर्यंत त्याचा मागोवा ठेवणे, एवढे झाले तरी पुष्कळ अनर्थ टळेल. सटवाईचा लेख बदलता येतो की नाही, हे श्रद्धेवर सोडले तरी बिलिरुबिनचा लेख वेळीच वाचता येतो, एवढे निश्चित.