दगडी घर, कागदी नशीब

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यात जुने दगडी घर विक्रीस निघाले, की जाहिरातीत त्याचे वय अभिमानाने सांगितले जाते. घर कोणत्या शतकातले, भिंती किती जाड, छताच्या तुळया मूळच्या आहेत की नव्या, दुरुस्ती करताना काय जपले, हे सारे खोल्यांच्या संख्येआधी येते. नाशिक, येवला, मालेगाव या बाजूस जुना वाडा विकताना नेमके उलट घडते. जागेचे क्षेत्रफळ येते, समोरच्या रस्त्याची रुंदी येते. वाडा मात्र त्या जमिनीवरचे ओझे असावे तसा शेवटी उरतो.

‘त्यांना इतिहासाची कदर आहे, आपल्याला नाही,’ असे यावर पटकन म्हटले जाते. हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. दगडी घराचे नशीब दगडापेक्षा कागदावर अधिक अवलंबून असते, आणि याचा एक विलक्षण दाखला खुद्द मालेगावात उभा आहे.

मोसम नदीच्या काठी, गिरणेच्या संगमाच्या थोडे वर, नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४० च्या सुमारास भुईकोट किल्ला बांधायला घेतला. बांधकाम पंचवीस वर्षे चालल्याचे सांगतात. हे तेच नारो शंकर, जे १७४२ ते १७५७ या काळात झाशीचे सुभेदार होते आणि ज्यांच्या नावाने नाशिकच्या गोदाकाठचे मंदिर व त्यातील घंटा ओळखली जाते. बाहेर खंदक, आत दुहेरी तटबंदी, गोल बुरूज. नकाशात हा किल्ला असला, तरी राजेबहाद्दर घराण्याच्या दृष्टीने ते राहते घर होते. मालेगावातील सर्वांत मजबूत दगडी घर.

१८१८ मध्ये पेशवाई कोसळत असताना या घराच्या मालकावर अजब प्रसंग ओढवला. नारो शंकरांचे वारस गोपाळराव यांनी इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांच्या संमतीने फौज जमवली आणि किल्ला पेशव्यांच्या अंमलदाराकडून परत मिळवला. पण ज्या अरब शिबंदीच्या बळावर तो घेतला, तिनेच त्यांना आत कैद केले. घर हाती आले आणि मालक त्याच घरात बंदिवान झाला.

मग इंग्रज आले. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल यांची फौज १५ मे रोजी किल्ल्यासमोर पोहोचली. तोफा डागल्या गेल्या, महिनाअखेरीचा हल्ला फसला, इंग्रजांचे अधिकारी मारले गेले, कुमक मागवावी लागली. एकूण हताहतांची संख्या दोनशेच्या वर गेली. खानदेशातील एका भुईकोटासाठी ही किंमत फार मोठी होती. अखेर ११ जूनला तोफगोळ्यांनी आतील दारूकोठारांचा स्फोट झाला, भिंतीला भगदाड पडले आणि १३ जूनला शिबंदीने शरणागती पत्करली.

खरी गंमत इथून पुढे आहे. शरणागतीच्या अटी मराठीत लिहिल्या गेल्या, आणि त्या मजकुराचा अर्थ इंग्रज सेनापतीच्या मनात होता त्याहून उदार निघाला. वाद वर गेला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी संशयाचा फायदा अरबांना दिला, आणि त्यांना सोडून सुरतेकडे रवाना करण्यात आले. पंचवीस वर्षे खपून रचलेला दगड महिनाभर टिकला. अरबांना वाचवले ते एका मराठी कागदाने.

आता थेट १९४७ कडे येऊ. त्या एकाच वर्षी दोन देशांत जुन्या घरांचे भवितव्य ठरवणारे दोन कायदे झाले, आणि त्यांची दिशा पूर्णपणे वेगळी होती.

ब्रिटनमध्ये महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनंतर पडझड झालेल्यांपैकी कोणत्या इमारती पाडू नयेत, हे ठरवण्यासाठी याद्या तयार होत होत्या. १९४७ च्या नगररचना कायद्याने अशी यादी करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. १७०० पूर्वीची, बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात उरलेली जवळजवळ प्रत्येक इमारत यादीत येऊ लागली. १९६८ पासून यादीतल्या घरात फेरफार करायला स्वतंत्र परवानगी लागू लागली. आज परवानगीविना काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे. इतकेच नव्हे, आधीच्या मालकाने चोरून केलेला बदल पूर्ववत करण्याची जबाबदारी नव्या मालकावर येऊ शकते. म्हणून तेथील खरेदीदार घराआधी त्याचे कागद तपासतो, आणि जाहिरातीतही वय मिरवले जाते.

याचा अर्थ इंग्रज जात्याच जतनवादी, असा मुळीच नाही. १९२६ मध्ये लँकेशायरमधील अ‍ॅगक्रॉफ्ट हॉल हे जुने घर सुटे करून, खोक्यांत भरून अमेरिकेत व्हर्जिनियातील रिचमंडला नेण्यात आले. ते आजही तिथे आहे. विसाव्या शतकात इंग्लंडमधील शेकडो मोठी घरे पाडली गेली, कायदा झाल्यानंतरही. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावरच प्रदर्शन भरवले, तेव्हा कुठे लोकमत हलले.

इकडे मुंबई प्रांतात १९४७ मध्ये भाडे नियंत्रण कायदा झाला. हेतू चांगला होता: युद्धकाळातील टंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये. पण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले आणि पुढे अर्धशतक जवळपास तिथेच राहिले. ज्या वाड्याच्या चार खणांत चार बिऱ्हाडे आणि रस्त्यालगत दोन दुकाने, त्याचे महिन्याचे उत्पन्न एका तुळईच्या दुरुस्तीलाही पुरेना. मालक दुरुस्ती करीत नसे, भाडेकरू जागा सोडीत नसे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे अवाजवी ठरवले, नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर अनेक वाड्यांची पाठ मोडली होती.

त्यात वारसांची भर. मिळकत पत्रिकेवर पणजोबांचे नाव, हक्कदार वीस, त्यांतले निम्मे पुण्यामुंबईत. अशा घराची दुरुस्ती करायला सर्वांची संमती मिळत नाही. विकायला मात्र कधीतरी मिळते. आणि मग वाडा अखंड विकला जात नाही. सागवानी खांब, कोरीव चौकट, दिंडी दरवाजा, पितळी कड्या वेगवेगळ्या हातांत जातात, मुंबईच्या जुन्या लाकूडसामानाच्या बाजारात पोहोचतात आणि एखाद्या हॉटेलच्या दालनात ‘पारंपरिक’ म्हणून उभे राहतात. अ‍ॅगक्रॉफ्ट हॉल निदान एकत्र तरी गेला.

दुरुस्तीतही एक बारकावा आहे, जो दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. जुनी भिंत चुन्यात किंवा मातीत बांधलेली असते. तिच्यातला ओलावा सांध्यांतून बाहेर पडतो. सिमेंटचा गिलावा दिला की तो ओलावा आत कोंडतो, वीट भुगा होते, लाकूड कुजते. इंग्लंडमध्ये यादीतल्या घराला चुनाच वापरा, असा आग्रह धरणारा अधिकारी असतो. आपल्याकडे वारसा-नियमावली सर्वप्रथम मुंबईला १९९५ मध्ये मिळाली. लहान शहरांतले बहुतेक खासगी वाडे अशा कोणत्याही यादीबाहेरच राहिले. तिथे सिमेंट लावणारा माणूस वाईट नसतो. त्याला परवडणारे आणि गवंड्याला येणारे ते एकच काम असते.

राजेबहाद्दरांच्या किल्ल्याला ना इंग्लंडसारखी यादी लाभली, ना दुरुस्तीसाठी सवड असलेला खरेदीदार. खंदकाच्या कडेला वस्ती येऊन भिडली. आत मात्र काकाणी विद्यालय भरते. जिथे गोपाळराव स्वतःच्याच घरात कैद होते, तिथे मधल्या सुटीची घंटा झाली की मुले दुहेरी तटाच्या सावलीत डबे उघडतात.