न झालेलें द्वंद्व : डेम्प्सी आणि विल्स

गाजलेल्या सामन्यांच्या हकीकती मुष्टियुद्धाच्या इतिहासांत पुष्कळ आहेत. परंतु जो सामना झालाच नाहीं, त्यानें एका काळाचें अंतरंग उघडें करावें, असा योग विरळा. अमेरिकेंतील जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांच्या बाबतींत तो जुळून आला. १९२० नंतर कित्येक वर्षें हे दोघे समोरासमोर आले तर काय होईल, या प्रश्नाचा खल वृत्तपत्रांतून चालू होता.

डेम्प्सी कोलोरॅडोचा. खाणींच्या वस्त्यांतून भेटेल त्याच्याशीं लढत तो पुढें आला. कमरेंत वांकून, डोकें डावी-उजवीकडे झुलवीत तो प्रतिस्पर्ध्याच्या हातांखालून आंत शिरे आणि अगदीं जवळून आंखूड, वळणदार ठोशांचा वर्षाव करी. ४ जुलै १९१९ रोजीं टोलेडो येथें जगज्जेत्या जेस विलर्डसारख्या धिप्पाड पुरुषाला त्यानें पहिल्याच फेरींत सात वेळां खालीं पाडलें. चौथ्या फेरीला विलर्ड उठलाच नाहीं. चढाई हाच डेम्प्सीचा बचाव होता.

विल्सची रीत अगदीं निराळी. न्यू ऑर्लिन्सच्या गोदींत राबून कमावलेलें शरीर आणि दोनशें पौंडांवर वजन. तो ताठ उभा राही, लांब हातानें शत्रूला दूर ठेवी. आणि तो आंत आलाच, तर एका हातानें त्याला जखडून मोकळ्या हातानें ठोसे लगावी. ही मिठी म्हणजेच डेम्प्सीच्या मुसंडीवरील उतारा, असें त्याच्या बाजूनें म्हणतां येतें.

विरुद्ध पक्षाचा आधार सॅम लँगफर्डचा. गोरे विजेते टाळीत असल्यामुळें कृष्णवर्णीय मल्लांना पुनःपुन्हा एकमेकांशींच लढावें लागे. विल्स व लँगफर्ड यांच्या तर डझनाहून अधिक झुंजी झाल्या. बहुतेकांत विल्सची सरशी झाली. तरीहि ठेंगण्या लँगफर्डनें १९१४ व १९१६ सालीं त्याला आडवें केलें. जवळ येऊन मारणारा विल्सला भारी पडूं शकतो, हें त्यावरून दिसलें.

दोघांचे समान प्रतिस्पर्धीहि ताडून पाहण्यासारखे आहेत. फ्रेड फुल्टनला डेम्प्सीनें १९१८ सालीं पहिल्याच फेरींत संपविलें. विल्सला १९२० सालीं तीन फेऱ्या लागल्या. अर्जेंटिनाच्या फिर्पोनें १९२३ सालीं डेम्प्सीला दोरांबाहेर फेंकलें, पण दुसऱ्या फेरींत तो स्वतःच कोसळला. पुढच्या वर्षीं विल्सनें त्याच फिर्पोला फारसा वाव दिला नाहीं. मात्र बारा फेऱ्यांत त्याला संपविणेंहि त्याला साधलें नाहीं. वेग डेम्प्सीचा, ताबा विल्सचा, असा हा हिशेब होता.

तो रिंगणांत सुटला नाहीं, याचें कारण रिंगणाबाहेर होतें. १९१० सालीं रेनो येथें जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय विजेत्यानें जेफ्रीजला हरवितांच अनेक शहरांत दंगली होऊन माणसें मेलीं. तो सामना भरविणारा टेक्स रिकर्ड हाच पुढें डेम्प्सीचे मोठे सामने भरवीत असे. डेम्प्सीनेंहि विजेता होतांच कृष्णवर्णीयांशीं लढणार नाहीं असें जाहीर केलें होतें. पुढें तो भूमिकेवरून हटला. १९२२ व १९२५ सालीं करारांवर सह्याहि झाल्या. सामना मात्र झाला नाहीं. न्यूयॉर्कच्या नियामकांनीं विल्सचा हक्क आधीं मानला, तेव्हां १९२६ सालीं डेम्प्सी-टनी सामना फिलाडेल्फियाला नेण्यांत आला. २३ सप्टेंबरला टनीनें डेम्प्सीचें पद हिरावून घेतलें. पुढच्याच महिन्यांत विल्स, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, शार्कीशीं लढतांना नियमभंगामुळें बाद झाला. दोघांचेहि ऐन भराचे दिवस सरले होते.

विल्स डेम्प्सीकडून कदाचित् हरलाहि असता. पण हरून दाखविण्याची संधीहि त्याला मिळाली नाहीं. जॉन्सननें १९१५ सालीं पद गमावल्यानंतर दुसरा कृष्णवर्णीय जगज्जेता होण्यास १९३७ साल उजाडलें. त्याचें नांव जो लुई.